काणी

कोळसा घातलेल्या थाळीवर मी दोन थेंब ठेवते.
एक मानवतच्या कणसातला,
एक जिंतूरकडून आलेल्या पुडीतला.
थाळीच्या बुडाला पेन्सिलीनं लिहिते: अ, ब.
नर-मादी लिहू नकोस हं, शाहिस्ता मॅडम म्हणतात,
यांच्यात तसलं काही नसतं.
एक असतो, आणि एक त्याच्याहून वेगळा असतो.
बस.

एकेकटा असताना याचा कुणालाच जाच नसतो.
भाकरीच्या आंबल्या पिठासारखा
फुगतो, कोंब काढतो, कोंबातून सुटा होतो.
ज्वारीच्या पोंग्यात सुईनं सोडला
तरी ज्वारीला पत्ता लागत नाही.
काचघरात डावीकडच्या कुंड्या बघा,
हिरव्यागार, बिनघोर.

सगोत्र चालत नाही त्यांना.
अ-ला अ भेटला तर दोघंही आपापल्या जागी.
ब आला की मात्र काहीतरी दरवळतं,
माझ्या नाकाला न कळणारं,
आणि दोन्ही अंगांतून बारीक दोरे निघून
एकमेकांकडे वाकतात.
तिसऱ्या दिवशी काळ्या थाळीवर पांढरी लव.
जमलं, मॅडम म्हणतात,
आणि वहीत बरोबरची खूण करतात.

जमल्यावरच त्याला भूक लागते.
त्याआधी नाही.

झरीच्या खळ्यावर मी आणि धुरपता
काण्या कणसांची काजळी बोटावर घेऊन
मिशा काढायचो.
नवरा नेहमी मीच, कारण मी उंच.
अंतरपाटाला तिच्या आईचं फडकं,
अक्षतांना राशीतली ज्वारी.
सावधान म्हणताना तिनं एक कणीस हवेत झटकलं
आणि काळा धूर
बेण्यासाठी निवडलेल्या दाण्यांवर हळूच बसला.
"काय करायलाव गं पोरींनो!"
आई आली तेव्हा रास पुन्हा पांढरी दिसत होती.
पुढच्या साली दोन पट्टे काळे निघाले.
कुणी आम्हाला विचारलं नाही.
आम्हीही सांगितलं नाही.

पोंग्यातून आत शिरल्यावर तो
शेंड्यासोबत वर वर चढत राहतो.
पानावर डाग नाही, ताटाला वाक नाही.
एकाच धाग्यात दोघांची दोन बीजं
शेजारी शेजारी, न मिसळता.
भिंगाखाली मी ती मोजते:
दोन, दोन, दोन, दोन.
थेट कणसापर्यंत असंच.
मग दाणा भरायच्या वेळेलाच
ती एक होतात,
दाण्याच्या जागी.

माझा बाप एकटा असला की चांगला माणूस होता.
सायकलच्या दांडीवर बसवून मला दुधनेचं पाणी दाखवायचा.
आई एकटी असली की ओव्या म्हणायची,
हसायचीसुद्धा.
एका घरात, एका छपराखाली
दोघं एकोणीस वर्षं शेजारी शेजारी.
बाहेरून बघणाऱ्याला काय, हिरवंगार शेत.

हे मी मॅडमना सांगितलं नाही.
त्या विचारत होत्या, उजवीकडच्या किती लागल्या?
नऊपैकी सात, म्हटलं.
आणि दोन?
दोन वाचल्या. का, ते माहीत नाही.

पोटरी फुटली तशी मी सातव्या कुंडीतलं कणीस
कात्रीनं उतरवलं.
दाण्यांवर राखी पडदा, पातळ,
बोट लावलं की फाटणारा.
लावू नये, असा नियम आहे.
लावलं.
काजळी नखात गेली.
साबणानं दोनदा हात धुतले तरी
एक काळी रेघ राहिलीच,
आणि तशीच मी गंधकाचा डबा उतरवून
उद्याच्या पेरणीचं बियाणं चोळायला बसले:
किलोला चार ग्रॅम,
हलक्या हातानं,
प्रत्येक दाण्याला पिवळं लागेपर्यंत.
हळदीसारखं दिसतं ते.
मॅडमना बघून वाटलं असेल,
ही एवढं काय निरखत बसलीय.