दुकानासाठी का नाकासाठी

रात्रीचे दोन वाजून दहा.
कूलरच्या ताट्या ओल्या, पंप घरघरतो,
आणि तो येतो.
इटारसीची पॅसेंजर चुकेल, हा चुकत नाही.

डाव्या डोळ्याच्या मागे
कुणीतरी टॉर्च पेटवतं.
मी वेल्डर आहे, ज्योत बारीक कशी करतात मला ठाऊक आहे:
आधी पिवळी, लोंबती,
मग ऑक्सिजनची चावी थोडी, अजून थोडी,
आणि मधोमध तो निळा दाणा
ज्याच्यापुढे अर्ध्या इंचाची प्लेट घाम गाळू लागते.

पडून राहा, म्हणतात लोक.
पडता येत नाही. मी चालतो.
मोरीपासून दारापर्यंत अकरा पावलं,
दारापासून मोरीपर्यंत कधी दहा, कधी तेरा.
डोकं भिंतीवर, हळू, मोजून.
उजवीकडच्या भिंतीवर नाही,
तिकडे निमजेची आई झोपते.
पाणी एकाच डोळ्यातून.
शकुन म्हणते, "अर्धेच रडता जी तुम्ही."

दहा वर्षं.
गोळीबार चौकात दाढ काढली, चांगली दाढ होती.
कुणी नाक धुतलं, कुणी चष्मा बदलला,
मनगटावर ताजबागचा धागा अजून आहे.
साळा म्हणाला, "टेन्शन नोका घेऊ जी."
मग धंतोलीत एक डॉक्टरीण, माझ्या भाचीएवढी,
तिने एवढंच विचारलं,
"दुखतं ते किती वाजता?"
मी खुर्चीत बसल्या बसल्या रडलो.
दोन्ही डोळ्यांनी.

तेव्हापासून घरी एक सिलिंडर.
दुकानातला नखशिखांत काळा,
घरातल्याची मान पांढरी, एवढाच फरक.
तिथे ज्योतीला धार लावतो, इथे विझवतो,
आणि हे का, ते मला कुणी समजावलं नाही.
गॅसवाल्याचा अफरोज टेम्पोतूनच ओरडतो,
"काका, दुकानासाठी का नाकासाठी?"
गल्ली हसते. मीही.

मास्क, पुढे वाकून, कोपरं गुडघ्यांवर.
शकुन चावी फिरवते
आणि तांदूळ निवडत बसते,
झोप उडालीच आहे तर.
तिच्या सुपातले खडे
मला पंधराव्या मिनिटाला ऐकू येऊ लागतात.

मग तो एप्रिल.
निमजे दारात उभा. बोलला नाही.
मान तेवढी सिलिंडरकडे वळली.
माझा हंगाम ऐन भरात,
रात्री दोनचा, पहाटे पाचचा.
आम्ही दोघांनी मिळून तो नेला,
तिरपा करून, बुडावर गडगडत,
तोंडाला रुमाल बांधलेले दोन चोर जसे.

अकरा रात्री मी गच्चीवर होतो,
पाण्याच्या टाकीला डावी बाजू लावून.
या गावात एप्रिलची टाकी पहाटेही निवत नाही.
एकदा म्हणालो, मोठ्याने,
"आण ना रे परत."
शकुनने ऐकलं.
काही न बोलता टाकीवर ओला टॉवेल टाकला
आणि खाली गेली.

बाराव्या दिवशी निमजेने सिलिंडर परत आणला.
पुसून आणला होता.
काटा चाळीसवर.
"उरलं ते," म्हणाला.

त्या रात्री दोन दहाला मी मास्क लावला.
भागाबाईंच्या वाट्याचं होतं ते,
मी ओढलं, सगळं, काटा शून्यावर येईतो.
भिंतीपलीकडे आता कुणी झोपत नव्हतं.
तरी डोकं त्या भिंतीला लावलं नाही.

यंदा फेब्रुवारीतच पापणी जड झाली.
फोन लावला.
अफरोजने विचारायच्या आत म्हणालो,
"नाकासाठी रे. दोन पाठव."