एक पारडं

बुधवारी जुन्या बाजारात
डालडाच्या गंजक्या डब्यात हात घातला
की बोटांना आधी वास लागतो,
साल-बिल नंतर.

सोनुबाई ओतारी नाणी किलोवर देते.
'तांब्याचा भाव चढलाय सायेब.
राणी असू दे नायतर राजा,
काट्यावर समदे सारखे.'

दांडी उचलते. मालाच्या पारड्याखाली
चिंचेचा गोळा चिकटवलाय,
लिंबाएवढा, वाळून काळा पडलेला.
किलोमागे चाळीस ग्रॅम.
वाकून बघायची गरज नाही मला.
एकतीस वर्षं वजनमापं खात्यात काढली,
भवानी पेठेत माझी जीप वळली
की दुकानांतून मापं बदलल्याचा आवाज यायचा.

मी बोललो नाही.
पाऊण किलोचे पैसे दिले,
वर सुट्ट्यासाठी घासाघीस केली
निव्वळ सवयीने.

घरी पेपर पसरून डबी उपडी केली.
भोकाचे पैसे, एकात अजून काळ्या दोऱ्याचा तुकडा,
कुणा पोराच्या कमरेचा असेल.
टकल्या राजाचे पाव आणे सात.
एक ढब्बू, हातोडीने चेपलेला.
आणि तळाशी हा:
कंपनीचा, अठराशे तेहेतीस,
मागच्या अंगाला तराजू,
मध्ये फारसीत काहीतरी.

रविवार पेठेत हमीदुल्ला अत्तरवाल्यांनी
भिंगाशिवाय वाचलं.
'अदल. इन्साफ.'
मग नाणं उलटं करून कंपनीचं नाव पाहिलं
आणि त्यांना खोकल्यासारखं हसू आलं.

तराजूचं डावं पारडं जाग्यावर नाही.
झिजलंय. दोऱ्या खाली येतात
आणि गुळगुळीत तांब्यात संपतात.
कुणाचा अंगठा फिरला असेल इथे,
हजेरीच्या संध्याकाळी मिळालेला पैसा
घर येईपर्यंत मुठीत चाचपत,
आहे ना, आहे ना, म्हणत?
की नुसतंच झिजलं,
जसं कशानेही झिजतं.

चिंच किंवा मीठ लावायचं नाही,
एवढं शिकलोय. पहिले बारा पैसे
पितांबरीने लख्ख केले होते मी,
त्यांची किंमत शून्य झाली.
काळेपणा राहू द्यायचा असतो.

तर, एक्क्याऐंशी साली
एका गुळाच्या अडत्याच्या काट्यावर
मी न तपासता शिक्का मारला.
नाव नाही सांगत, मुलं चांगली निघाली त्याची.
दिवाळीला घरी ढेप आली.
रात्री सगळे निजल्यावर
मी ती सरकारी काट्यावर घातली.
दहा किलो. चोख.
गुंजभरसुद्धा कमी नाही.

आता पाकिटावर शिसपेन्सिलीने लिहितो,
अक्षर अजून खात्यातलंच आहे:
धातू तांबे. वजन सहा ग्रॅम दोनशे मिली.
तराजू, पारडे एक.
शेरा

पुढे काही सुचत नाही.
पाकीट उघडंच ठेवलंय.