टोपी काढायचा दिवस

शौकत परकारनं चावी दिली मार्गशीर्षात,
जहाजावर जायच्या आदल्या संध्याकाळी,
आणि वहीचं एक पान.
चाचा, तीनशे बारा आहेत. मोजून घ्या.

रातांब्याची कलमं.
बियांचं झाड नर की मादी, फुलल्याशिवाय कळत नाही.
सात-आठ वर्षं पाणी घालावं आणि ते नर निघावं,
म्हणून खुंटावर मादीची काडी, पाचर मारून बांधलेली,
आणि वर प्रत्येकीला पेप्सीकोल्याच्या पिशवीची टोपी,
तीच लांबट नळी, जी आमच्या अडूरची पोरं
मे महिन्यात दातांनी फोडतात.

पानावर होतं:
पाणी सकाळी, मातीला, पानांवर नको.
दुपारी पश्चिमेचा पडदा वर, सहाला खाली.
प्लास्टिकवर खार बसते, गोड्या पाण्यानं पुसा.
खुंटाला खालून फूट आली तर मोडा.
टोपी उचलून बघू नका.
शेवटच्या ओळीखाली दोन रेघा.

मी खारवी. चाळीस वर्षं जाळी विणली,
पाणी जावं, मासा राहावा अशी.
ही हिरवी जाळी वेगळी: ऊन निम्मं जाऊ द्यायचं, निम्मं अडवायचं,
आणि दिवस संपता हातात काहीच नाही.
पहिल्याच आठवड्यात वानरांनी छपराचा कोपरा फाडला.
तो मी शिवला, आमच्या गाठीनं.
तिथं तेवढं एकच काम मला येत होतं.

पौषात मतलई सुटली.
पहाटे खाडीवर धुकं, आणि आत प्लास्टिकच्या पोटाला थेंब,
एकेक करून मानेवर पडणारे.
रात्री साठचा बल्ब लावून ठेवू लागलो.
पानावर नव्हतं ते. मला थंडी वाजत होती, म्हणून त्यांनाही वाजत असेल.
चार दिवसांनी जाक्करांचा परशुराम बंदरावर म्हणाला,
काका, डोंगराच्या पायथ्याला नवा दिवा कुठला?
दोन रात्री त्याच्यावर होडी धरून आलो.
त्याला काय सांगणार, की झाडांच्या बाळंतिणीची खोली आहे.

आणि मग एका दुपारी,
कोणी नव्हतं, सत्तराव्या रांगेत की कुठं,
मी एक टोपी उचलली.
फक्त बघायला. आत
हिरवी टोचणी होती, मोहरीएवढी.
मी परत घातली टोपी, दोरा गुंडाळला, नीट.
आठव्या दिवशी काडी काळी.

फोन आला कुठल्याशा बंदरावरून, आवाज लाटेसारखा तुटत.
चाचा, किती?
तीनशे अकरा, म्हटलं.
थोडा वेळ नुसती खरखर.
मग तो म्हणाला, मी पहिल्या वर्षी चाळीस उचलल्या होत्या.

माघात फुटू लागली एकेक.
टोपीच्या आत पान वळून बसायचं, जागा नसल्यासारखं,
तेव्हा दोरा सोडायचा, सकाळी नाही, ऊन उतरल्यावर.
तांबडी पालवी. इतकी तांबडी, की वाटावं
फळाचा रंग आधीच पानाला सांगून ठेवलाय.
शिमग्याचे ढोल गावात घुमू लागले
तेव्हा सगळ्या टोप्या एका गोणीत होत्या,
वजन काहीच नाही, पण आवाज फार.

ती काळी काडी मात्र मी उपटली नव्हती.
तिच्या खालून, खुंटाला, आता फूट आलेली,
बांधलेल्या पट्टीला वळसा घालून वर चाललेली.
मोडा, असं पानावर आहे.
तीन वेळा चिमटीत धरली.

रातोरात डालड्याच्या डब्यात लावून घरी आणली आहे.
सून म्हणते, हे काय?
नर असेल किंवा मादी, सात वर्षांनी कळेल.
मला सहासष्ट चालू आहे.
रोज सकाळी पाणी घालतो,
मातीला, पानांवर नाही.