कोठीतली बाटली

सारस मोजायला आलेली ती फ्रेंच बाई
जाताना देऊन गेली : पंधरा वर्षं उघडू नका.
आम्ही ती धानाच्या कोठीत पुरली.
सत्तेचाळीसचे उन्हाळे वरून गेले,
लेबल उंदरांनी खाल्लं.

बूच भुगा होऊन आत पडलं.
जैवंताबाईच्या लुगड्याच्या तुकड्यातून गाळली
चहाच्या काचेच्या ग्लासात.

मोहाची पहिली धार ज्यानं
चाळीस वर्षं नुसत्या वासावर पारखली,
त्या दसरू उईकेनं ग्लास टॉर्चपुढे तिरका धरला :
मधे जांभूळ, कडेला वीट.

मग तळहातावर थेंब, चोळून हुंगला.
"तेंदूपानाचं गोदाम. पाऊस लागलेलं."
थोडं थांबून,
"बैलाच्या घुंगरांचा पट्टा, जुना."

मी विचारलं, पिकली, की बिघडली?

जिभेवर धरून तो बराच वेळ
बांधावरच्या अंधाराकडे पाहत राहिला.
"तुरटपण गेलं गा हिचं. भांडण संपलं.
दोन उन्हाळ्यांआधी उघडाची होती.
पण मेली नाही. हळू बोलते.
ऐकाचं असन तं चूप राह्य."

चूप राहिलो.
दुसऱ्या घोटाला मिऱ्यासारखं काही आलं,
तिसऱ्याला नुसती माती.

तळाचा गाळ त्यानं मोहाच्या बुंध्याशी ओतला.
"फुलं पडू दे," म्हणाला,
"मंग सांगतो."