जादा खर्चाचा तपशील

वरून विचारणा आली आहे:
धुराचे परवाने कडक केल्यास
शासनावर किती जादा भार पडेल,
तीन दिवसांत कळवावे.

प्रपत्र एका पानाचं, रकाने सात.
पंख्यानं उडू नये म्हणून
शेंगाचटणीचा डबा ठेवते त्याच्यावर
आणि लिहायला बसते.

आधी एक धुरांडं पाच वर्षांतून एकदा मोजायचो,
आता वर्षातून दोनदा.
अक्कलकोट रोडचे सायझिंगवाले, डाईंगवाले,
चिंचोळीतले वेगळे,
आणि मोजणारे एकटे गड्डमसाहेब.
वय सत्तावन्न. डावा गुडघा गेलेला.
गुडघ्याला लेखाशीर्ष नाही.

मंजूर पदं आणखी दोन. रिक्त.
त्या खुर्च्यांवर गठ्ठे बसतात.

जीप एक.
लायकअली म्हणतो, "डिझेल भरपूर लिवा मॅडम,
वर कापतेतच की."
भरपूर लिहिते.

शिडी. चाळीस फूट.
टोकाला उभं राहून भोकात नळी घालायची
आणि तासभर तशीच धरायची.
एप्रिलात इथला पत्रा हात लावू देत नाही.
हातमोजे वीस जोड लिहिते,
मग वीसचे तीस करते.

नमुना पुण्याला जातो रात्रीच्या एसटीनं
शिपायाच्या मांडीवर, तान्ह्या बाळासारखा.
तिकीट जायचं, तिकीट यायचं, चहा.
कुणी कोर्टात गेलं तर वकील.
वकिलानं तारीख घेतली तर पुन्हा वकील.

परवा टॉवेलवाले यमूल आले होते.
ओरडले नाहीत, बसले नुसते.
"नियम कडक करा हो," म्हणाले,
"पण माणूस तर पाठवा.
सहा महिने कागद तुमच्या टेबलावर
अन् धूर माझ्या नावावर."
मी पाणी दिलं.
पाण्याचा जार आम्ही वर्गणीतून आणतो,
तोही लिहिला नाही.

आणि मग यादी चाळताना सापडली
सरकारी दवाखान्याची धुलाई-भट्टी.
माझ्याहून जुनी.
खोकणाऱ्यांच्या चादरी तिच्यात उकळतात
आणि तिचा धूर वॉर्डाच्या खिडकीत जातो.
नव्या नियमात ती पहिल्याच दिवशी नापास.

म्हणजे शासन शासनाला नोटीस देणार,
शासन शासनाकडे मुदत मागणार,
शुल्क या खिशातून त्या खिशात जाताना
मध्ये कुठंतरी चार महिने मुक्काम करणार.
नवी भट्टी, नवी गाळणी:
आकडा लिहिला तर
वरचे सगळे आकडे सुट्टे पैसे वाटायला लागले.

गड्डमसाहेबांनी चष्मा कपाळावर नेला.
"हे वगळा, बाई.
एवढा भार बघितला तर नियमच परत घेतील."
थोडं थांबून म्हणाले,
"आणि नाही लिहिलं
तर भट्टी तशीच ऱ्हाईल."
मग गुडघा धरून उठले, जिन्याकडे गेले.
काय करा ते सांगितलंच नाही.

साडेसहा वाजले. लायकअलीनं हॉर्न दिला.
बचतीचा रकाना आहे का, पुन्हा बघितलं.
नाही.

भट्टीचा आकडा पेन्सिलीनं लिहिलाय,
खोडणाऱ्याला सोपं जावं म्हणून.
फक्त जरा दाबून,
खालच्या कोऱ्या पानावरही उमटेल इतका.