शाल्मलीस, दोन दिवसांसाठी

तू लिहिलंयस, "मावशी, आम्ही येतोय,
शनिवार-रविवार. काहीतरी स्टायलिश सुचव."
आम्ही म्हणजे कोण, ते लिहिलं नाहीस.
बरं. मीही विचारलेलं नाही असं समज.

स्टायलिश म्हणशील तर
चौतीस वर्षं फोर्टातल्या एका दुकानाच्या काचेमागे
मी पुतळ्यांना साड्या नेसवल्या, टाचण्या दातांत धरून.
एवढंच कळलंय,
निरी उठून दिसते ती शेजारच्या रिकाम्या जागेमुळे.
म्हणून यादी आखूड ठेवलीय.
चपला सपाट घाल.

शनिवारी सकाळी ओव्हल मैदान.
मधोमध उभं राहायचं, पोरांचे चेंडू चुकवत.
एका अंगाला कोर्ट, विद्यापीठ, घड्याळाचा मनोरा,
सगळे वकिलासारखे गळ्यापर्यंत बटणं लावलेले;
समोर गोल कोपऱ्यांची घरं,
पिस्ता, केशर, मलई,
बाल्कन्या जहाजासारख्या पुढे काढून बसलेली.
त्याला विचार (जो कोण असेल त्याला)
राहायला कुठली बाजू घेशील?
"जिथे पार्किंग मिळेल ती" म्हणाला
तर हस. पण लक्षात ठेव.

जेवायला दारबशॉकडे, बोरा बाजारच्या मागे.
पाटी नाही, पाटीचे दोन खिळे आहेत.
पंख्याखाली नको, आरशासमोर तर नकोच,
मुदपाकखान्याच्या दाराशी बसा;
तिथे धनसाक आधी नाकात येतो, मग ताटात.
वाढणारा बोमी कानाने कमी आहे,
त्याच्याशी मोठ्याने बोलावं लागतं,
चढून नाही. हा फरक सगळ्यांना जमत नाही.
शेवटी कस्टर्ड एकच सांगा, चमचे दोन.

दुपारी भायखळ्याचं म्युझियम.
हिरवे खांब नि सोनेरी वेलबुट्टी सगळेच बघतात.
तू कपाटांतली मातीची माणसं बघ, वीतभर उंचीची,
पगडी कशी कलते, पदर कुठे थांबतो.
नोकरी लागली त्या आठवड्यात रोज जात होते,
डब्यातली पोळी पर्समध्येच राहायची.
मला तेव्हा कुणी काही सुचवलं नव्हतं.

रात्री दहानंतर माझ्या दुकानावरून जा.
आता तिथे मोबाइल विकतात.
दिवे विझले की त्या काचेचा आरसा होतो,
रस्त्यावरच्या माणसांना पायापासून डोक्यापर्यंत दाखवतो.
दोघं शेजारी उभे राहा, घाई न करता.
फोटो नको.

रविवारी उजाडताना बाणगंगा.
समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि पाणी गोडं.
बदकं असतील, कुणीतरी पायऱ्या झाडत असेल.
खालून तिसऱ्या पायरीवर बसायचं,
दहा मिनिटं, न बोलता.
तुझे काका सातव्या मिनिटाला म्हणाले होते, "चला."
मी उठले.
वाईट काही झालं नाही गं पुढे,
माणूस देवासारखा, पगार हातात आणून द्यायचे.
पण माझी तीन मिनिटं तिथे राहिली आहेत.
तुला बसता आलं, तर ती धरून बस.

मासे मात्र घरीच खायचे, हे ठरलंय.
बाहेरचे बोंबील रव्याच्या रजईत झोपलेले असतात.
मी शनिवारीच आणून पाट्याखाली दाबून ठेवीन,
सोलकढीला नारळ ताजा फोडीन.
किल्ली तळमजल्यावर डिकास्टाबाईंकडे.
खोल्या दोन आहेत, गाद्याही दोन,
कोण कुठे ते तुमचं तुम्ही बघा.

आणि त्याला काटे काढता येत नसतील
तर आधी कळव,
सुरमई घेते.