अकरा मंगळवार

आमच्या वाचनालयात एकच संगणक धड चालतो.
अर्ध्या तासाने आपणहून बंद होतो. नियमच तसा,
आणि तो नियम माझ्याच अक्षरात भिंतीवर चिकटलाय.

व्हर्ना स्टिडम गुरुवारी येते,
शुश्रूषागृहातली रात्रपाळी उरकून,
बुटांवरच्या निळ्या पिशव्या तशाच.
विद्यापीठ इथून नव्वद मैल, केंटकीचे तीन डोंगर ओलांडून;
पडद्यावर मात्र बोटाच्या टोकाशी.

पदव्युत्तर अभ्यासक्रम. शाखा निवडा.
शालेय समुपदेशन, विशेष शिक्षण, नर्सिंग,
सार्वजनिक आरोग्य, वाचा-उपचार...
ती ओठांतल्या ओठांत वाचते,
दुकानात वस्तू न उचलता किंमत वाचावी तशी.
"पहिल्या वर्षाचं कर्ज म्हणजे आमचा ट्रक," म्हणते,
"दुसऱ्या वर्षाचं, तो ट्रक उभा राहतो ती जमीन."

आधी सहा वर्षं ती शाळेत जेवण वाढायची.
एका पोराचा शब्द दुधापाशी अडायचा.
ती पळी हातात धरून थांबायची;
मागची रांग थांबायची,
मुख्याध्यापक घड्याळ बघायचे.
"द" बाहेर पडला की मगच दूध.

आता तिच्याकडे एल्झी नेपियर.
चाळीस वर्षं कोळशात, मग मेंदूत रक्ताची गाठ,
आणि सबंध भाषेतून उरला एकच शब्द.
पाणी हवं: मंगळवार.
कूस बदला: मंगळवार.
लेकीचा फोटो दिसला की मंगळवार,
शेवटचं अक्षर लांबवत, विझवत.
व्हर्नाने आजवर अकरा ओळखलेत.
तपासणीच्या कागदावर एकाचीही नोंद नाही.

अर्ज विचारतो: आपलं क्षेत्र, शिक्षण की आरोग्य?
दोन गोल. एकात टिंब दिलं की दुसऱ्यातलं पुसलं जातं.
ती इकडे देते. तिकडे देते. परत इकडे.
"हेटी, माणसाला बोलतं करणं
हे शाळेचं काम की दवाखान्याचं?"
हजारो पुस्तकं मी विषयवार लावलीत;
हा प्रश्न कुठल्या कपाटात जातो, मला सांगता आलं नाही.

खाली रिकामी चौकट:
हीच शाखा का? पाचशे शब्दांत लिहा.
तिने एक शब्द टंकला. खोडला. परत टंकला.
कोपऱ्यात उरली होती दोन मिनिटं.

मी उठले, माझी किल्ली फिरवली, अर्धा तास वाढवला.
सतरा वर्षांत पहिल्यांदाच.
हवामान बघायला ताटकळलेला मेकॅनिक
माझ्याच अक्षरातला नियम मला मोठ्याने वाचून दाखवू लागला.

छपाई पानाला दहा सेंट, पानं सात.
तिने पाऊण डॉलर ठेवला, सुट्टे माझ्याकडे नव्हते.
कुठला गोल भरला ते पाहायचं नाही म्हणून
गठ्ठा पालथा करून तिच्या हातात दिला.

दारातून वळून ती म्हणाली, "मंगळवार."

त्या अकरांतला हा नसावा.
मीही म्हटलं,
जमेल तसं.